खुलासा : डांबरगोळ्यांनी विमानातले उंदीर जात नाहीत

‘उभ्या विमानात डांबरगोळ्या टाका, उंदीर फिरकणार नाहीत’ असा मेसेज फिरतोय. कृपया यावर विसंबू नका. या गोळ्या बंद पेटीतल्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून असतात. उंदीर त्यांना फारसा जुमानत नाही. त्यांची वाफ मात्र वैमानिकाच्या छातीत जाते.

उंदीर चढतो चाकांवरून, नाहीतर बांधलेल्या दोरावरून. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाच्या पंखात घरटं झालं, की मुतानं ॲल्युमिनियमचा पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. चाकांभोवती गुळगुळीत पत्र्याचं उंच कडं लावा, सापळे ठेवा, बिस्किटाचा चुराही आत नको. फटी बुजवल्या असतील तर उड्डाणाआधी प्रत्येक बोळा मोजून काढा.