कार्ड उलटून बघा, आणि शेजारी पासपोर्टही ठेवा

स्टुटगार्टला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. दर उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो: "वीकेंडला स्वित्झर्लंडला चाललोय, वेगळा मेडिकल इन्शुरन्स लागतो का?" आणि लगेच उत्तरं येतात, "छे हो, आपल्या कार्डाच्या मागे युरोपियन कार्ड असतं ना, सगळीकडे चालतं." हेच उत्तर मीही दोन-तीनदा दिलंय. ते चूक होतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

जर्मनीत पब्लिक इन्शुरन्स असेल तर क्रांकनकासेचं, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेचं, कार्ड उलटं करा. निळ्या रंगावर युरोपियन युनियनचे तारे, तुमचं नाव, जन्मतारीख, नंबर आणि मुदत दिसेल. हेच युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड. २००४ मध्ये ते आलं, त्याआधी ई-१११ नावाचा कागदी फॉर्म भरून न्यावा लागायचा. कार्ड फुकट असतं, प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलांचंसुद्धा. फिरायला गेलेल्या देशात अचानक आजारी पडलात, तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत तिथल्या माणसाला जे उपचार ज्या खर्चात मिळतात, तेच तुम्हाला मिळायला हवेत, एवढी साधी गोष्ट आहे. आणि ती खरोखर मिळते. तीन वर्षांपूर्वी इटलीत गार्डा तलावाकाठी रात्री मुलीचा कान ठणकायला लागला, अंगात १०३ ताप. सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीत काउंटरवरच्या बाईंनी कार्डाची झेरॉक्स काढली, तासाभरात डॉक्टरांनी तपासलं. आम्ही फक्त औषधांचे पैसे दिले. त्या रात्रीपासून माझा त्या कार्डावर पूर्ण विश्वास बसला.

मग गेल्या वर्षीचा राइन फॉल्स. स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनजवळचा धबधबा, आमच्या घरापासून दोन तासांवर. भारतातून पाहुणे आले की आम्ही सगळे हमखास तिथेच नेतो. धबधब्याकडे उतरणाऱ्या ओल्या पायऱ्यांवर नवऱ्याचा पाय घसरला आणि त्याने सगळा भार उजव्या हातावर घेतला. मनगट डोळ्यांदेखत सुजलं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये मी अगदी निर्धास्तपणे कार्ड पुढे केलं. त्यांनी पासपोर्ट मागितला, बघितला, आणि शांतपणे सांगितलं की भारतीय नागरिकाला हे कार्ड इथे लागू होत नाही. एक्स-रे, प्लास्टर, सगळ्याचं बिल आमच्या नावावर, नऊशे फ्रँकच्या आसपास. सीमेपलीकडचं, जर्मनीतलं झिंगन गाव तिथून जेमतेम अर्ध्या तासावर. तिथे हेच कार्ड दाखवून काम झालं असतं.

घरी आल्यावर नियम वाचला. युरोपियन युनियनबाहेरचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील आणि पब्लिक इन्शुरन्समध्ये असतील, तर त्यांनाही हे कार्ड मिळतं, २००३ पासून हा नियम आहे. पण डेन्मार्क त्यात सामील झाला नाही. आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन या देशांशी झालेले करार नागरिकत्वाशी बांधलेले आहेत. म्हणजे भारतीय पासपोर्टवर या पाच देशांत कार्ड सहसा चालत नाही. कार्डावर मात्र तसं एका शब्दानं लिहिलेलं नसतं.

मला याचा राग येतो, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी जर्मन मैत्रीण आणि मी, दोघींच्या पगारातून एकाच दराने पैसे कापले जातात. मूळ दर १४.६ टक्के, निम्मा आमचा, निम्मा कंपनीचा, वर कासेचा जादा हप्ता वेगळा. त्याच पायरीवरून दोघी घसरलो, तर तिचं बिल कासे भरणार आणि माझं मी. करार बदलणं आपल्या हातात नाही. पण कार्ड हातात देताना कासेने हे एका ओळीत सांगावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. आणि तोवर आपल्या मराठी मंडळांनी तरी सांगावं. नवीन आलेल्यांना भाड्याचं घर कसं शोधायचं, पोळ्यांचं पीठ कुठे मिळतं, हे सगळं आपण हौसेनं सांगतो, मग हेही सांगू या.

ज्यांचा प्रायव्हेट इन्शुरन्स आहे, त्यांना हे कार्ड मिळतच नाही, त्यांनी आपली पॉलिसी बघावी. आणि ज्या देशांत कार्ड चालतं तिथेही खासगी दवाखाना, डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणणं, पेशंटला घरी परत आणणं, यातलं काही त्यात येत नाही. ऑस्ट्रियात स्कीइंगला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या, हेलिकॉप्टरचं बिल हजारो युरोंत जातं. परदेश प्रवासाची वेगळी आरोग्य पॉलिसी इथे वर्षाला माणशी वीसेक युरोंत मिळते. आम्ही प्लास्टर निघायच्या आधीच ती काढली.

आई-वडील भारतातून येतात, त्यांचा या कार्डाशी संबंध नाही. त्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावाच लागतो. पण व्हिसा मिळाला म्हणजे पॉलिसी चांगली, असं नाही. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, आणि आपल्याकडे साठीच्या पुढे बीपी-शुगर नसलेलं घर विरळाच. सासू-सासरे मे महिन्यात येतायत. पॉलिसीची पीडीएफ पैसे भरायच्या आधी मागवून घेतली, आणि सासऱ्यांच्या बीपीचं कलम मी आणि सासूबाईंनी फोनवर ओळ न् ओळ वाचलं. त्यांना राइन फॉल्स बघायचाय. त्यांची पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत चालणारी, म्हणजे स्वित्झर्लंडमध्येही. नऊ वर्षं इथे हप्ते भरणाऱ्या आमचं कार्ड तिथे चालणार नाही, त्यांचा तो दोन पानी कागद चालेल.