मोबाइल सिद्ध झाला नाही तरी भरपाई मिळते, मग सीडीआर कशाला?

नमस्कार,

गाडी चालवताना मोबाइल वापरणं आणि अपघातग्रस्तांचे हक्क, या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. एक, समोरचा चालक फोनवर होता हे सामान्य माणूस सिद्ध करूच शकत नाही, आणि विमा कंपनी तर पैसे देतेच, मग लोकांना सीडीआरच्या (कोणत्या नंबरवरून केव्हा, किती वेळ कॉल झाला याच्या मोबाइल कंपनीकडच्या नोंदीच्या) मागे कशाला पळवायचं? दोन, ब्लूटूथवर बोलण्याला कायद्याची बंदी नाही, त्याला धोकादायक म्हणणं अति आहे. तीन, दुचाकीवालेही फोनवर असतात, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. चार, असल्या सल्ल्यातून फक्त वकिलांचं भलं होतं. लेखात दोन-दोन ओळींत उरकलेल्या गोष्टींवरच तुम्ही बोट ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. भरपाईसाठी मोबाइल सिद्ध व्हावाच लागतो असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक हे बघितलंच जात नाही: मृत्यू झाला असेल तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. कलम १६६ खाली मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला तरी तिथे फौजदारी खटल्यासारखा ‘निःसंशय’ पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच न्यायाधिकरण तोलतं. चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला तरी दावा आपोआप पडत नाही.

पण ‘विमा कंपनी देतेच’ या वाक्यात किती देते हा प्रश्न गाळला गेला आहे. आणि १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. घरात दुःख असताना, दवाखान्याची बिलं समोर असताना ५ लाखांवर सही होऊन जाते, आणि ती पुसता येत नाही. आता आकडा मांडतो. ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना ३०,००० कमावणारा माणूस अपघातात गेला. मागे आई, बायको, दोन मुलं. वर्षाचं उत्पन्न ३,६०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीसाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की ५,०४,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: ३,७८,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे (२००९) ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे ही रक्कम जितक्या पटीने धरायची तो आकडा, १६. झाले ६०,४८,०००. अंत्यसंस्कार, घरच्यांनी गमावलेला सहवास वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, मयतानेही काळजी घेतली नाही, तोही मध्ये आला, ३० टक्के चूक त्याची धरा. हे मान्य झालं तर १८,१४,४०० रुपये गेले. सीडीआर उपयोगी पडतो तो इथे. समोरच्याला तुरुंगात धाडणं हे त्याचं काम नाही. ‘दोघांचीही चूक’ हा बचाव खोडून काढणं हे त्याचं काम आहे. फोनवर गुंतलेल्या चालकाने समोरची दुचाकी ‘अचानक आली’ असं सांगणं अगदी स्वाभाविक असतं, कारण त्याला ती खरोखरच अचानक दिसलेली असते.

इथे एक भेद नीट लक्षात घ्या, कारण दावे यावर बिघडतात. जखमी माणूस दुचाकीच्या मागे बसलेला असेल तर त्याच्या रकमेतून पुढच्या चालकाच्या चुकीपोटी काही कापता येत नाही. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली असेल तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. खेन्येई निकालात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. कपात होते ती जखमीच्या किंवा मयताच्या स्वतःच्या चुकीपोटी, तीही ती चूक अपघाताला कारण ठरली असेल तरच. दुचाकीवर तिघे होते एवढ्यानेच कपात करता येत नाही, हेही २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं आहे.

मग सामान्य माणूस सीडीआर मिळवणार कसा? तो स्वतः मिळवू शकत नाही, आणि प्रयत्नही करू नये. पैसे देऊन कोणी काढून दिलेला सीडीआर पुरावा म्हणून उभा राहत नाही, वर गुन्हा अंगावर येतो. रस्ता असा: फिर्यादीत किंवा पहिल्याच जबाबात ‘चालकाच्या हातात फोन होता’ किंवा ‘तो कानाला फोन लावून होता’ हे कोणी पाहिलं असेल तर लिहून घ्या. दोन महिन्यांनी दिलेल्या पुरवणी जबाबात हे पहिल्यांदा आलं की ते मागाहून सुचलेलं वाटतं. मग तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात अपघाताच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास एवढाच अवधी मागा, टॉवरच्या तपशिलासह. सहा महिन्यांचा सीडीआर मागितला की अर्ज खासगीपणाच्या मुद्द्यावर अडकतो. पोलिसांनी मागवला नाही तर न्यायाधिकरणाला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तिथे अर्ज करता येतो. फक्त सिम चालकाच्या नावावर असेलच असं नाही. मालकाने दिलेला नंबर, घरच्या कुणाच्या नावावरचं कार्ड, दुसरं सिम, हे सगळं आधी विचारून घ्यावं लागतं.

सीडीआर हातात आला तरी काम अर्धंच झालेलं असतं. एफआयआरमध्ये वेळ असते ‘साडेआठच्या सुमारास’. सीडीआरमध्ये कॉल सेकंदासह असतो. ८:२७ ला सुरू झालेला चार मिनिटांचा कॉल अपघाताआधीचा, की धडक दिल्यावर चालकाने मालकाला लावलेला? विमा कंपनी हमखास दुसरंच म्हणणार. म्हणून अपघाताची वेळ पक्की करणारे वेगळे खिळे ठोकावे लागतात: १०८ किंवा ११२ ला पहिला फोन कधी गेला, रुग्णवाहिकेची नोंद, दवाखान्याच्या एमएलसी रजिस्टरमधली (पोलिसांना कळवायच्या रुग्णांच्या नोंदवहीतली) वेळ, सीसीटीव्ही. सीसीटीव्हीचं घड्याळ बरेचदा काही मिनिटं पुढे-मागे असतं. चित्रण घेताना त्या पडद्याशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून एक फोटो काढून ठेवला तर हा फरक नंतर दाखवता येतो. ही साधी गोष्ट कोणी करत नाही आणि पुढे उलटतपासणीत त्यावरच तासभर जातो.

इंटरनेटवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये दिसत नाही. डेटा वापराची नोंद मिळू शकते, पण ती नकाशा सुरू असला, गाणी सुरू असली तरी दिसते, त्यामुळे एकट्या त्या नोंदीवर फार भार टाकू नका.

सीडीआर दोन वर्षं जपून ठेवणं मोबाइल कंपन्यांना बंधनकारक आहे. खरी घाई सीसीटीव्हीची. पेट्रोल पंप, दुकानं, सोसायट्या यांच्या यंत्रात जुन्या चित्रणावर नवं चढत जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्याभरात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅमेरे कुठे आहेत ते पाहून मालकाला आणि पोलिसांना ‘हे चित्रण राखून ठेवा’ असं लेखी द्या. डॅशकॅम असेल तर कार्ड ताबडतोब बाहेर काढा, गाडी पुन्हा सुरू झाली की तो स्वतःचंच चित्रण पुसत राहतो. चित्रण न्यायाधिकरणापुढे द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली नाही हे तपासता येणारा तिचा अंकी ठसा) नमूद करावं लागतं. व्हॉट्सअॅपवर चारजणांकडून फिरून आलेली क्लिप त्यामुळे अडचणीत येते. मूळ यंत्रातून घेतलेली प्रत आणि ती घेणाऱ्या माणसाचं नाव सांभाळा.

स्थळ पंचनामा वाचताना ब्रेकच्या खुणांची ओळ शोधा. मागून धडक, लेन सोडून हळूहळू बाजूला सरकलेली गाडी, आणि ब्रेकची खूण नाही, हे सगळं एकत्र आलं की चालकाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं असं म्हणायला आधार मिळतो. पण एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा मुळातच पुसट उमटतात. नुसत्या ‘खुणा नाहीत’ या शब्दांवर युक्तिवाद उभा केला तर आरटीओ निरीक्षकाच्या साक्षीत तो कोसळतो.

दुसरा आक्षेप, ब्लूटूथ. कायद्याबद्दल तुमचं बरोबर आहे. कलम १८४ च्या स्पष्टीकरणात हातात धरलेल्या उपकरणाचा उल्लेख आहे, आणि केंद्रीय नियमांत रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, २०२० पासून मुभा आहे. (हेल्मेटमध्ये खोचलेला फोन हातात धरलेला मानायचा का, यावर रस्त्यावरच्या पोलिसाशी वाद घालणारे भेटतात. डोकं त्या बाजूला कललेलं असतं आणि त्या कानाला हॉर्न नीट ऐकू येत नाही, एवढं मात्र वादातीत आहे.) पण दंड नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. १९९७ मध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या फोन बिलांच्या नोंदी त्यांच्या अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या, म्हणजे आपण सीडीआरने करतो तेच. कॉलच्या काळात अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही. कारण डोळे रस्त्यावर असले तरी मेंदू संभाषणात असतो, आणि समोर दिसलेली गोष्ट नोंदवलीच जात नाही. हातात फोन घेऊन मेसेज वाचणाऱ्याचे तर डोळेही जातात. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. सावध चालकाला कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. दोन सेकंद खाली पाहिलं की त्याआधी ३३ मीटर निघून गेलेले असतात, तेही एक किलोमीटरनेही वेग न उतरता.

भरपाईच्या दाव्यात या भेदाचा परिणाम असा: हातातल्या फोनमुळे कायद्याचा भंग दाखवता येतो, ब्लूटूथमुळे तो येत नाही, पण निष्काळजीपणाचा युक्तिवाद दोन्हींत करता येतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटला. सीडीआर दोन्ही बाजूंनी कापतो. जखमी दुचाकीस्वार कानात इअरफोन घालून बोलत असेल, तर विमा कंपनी त्याचाच सीडीआर मागवते. म्हणून समोरच्याच्या नोंदी मागण्यापूर्वी आपल्या माणसाचा त्या वेळचा फोन तपासा आणि वकिलाला खरं काय ते सांगा. फोन सुरू होता तरी सगळं संपलं असं नाही. उलट दिशेने आलेल्या ट्रकने धडक दिली असेल तर दुचाकीस्वाराचा कॉल अपघाताचं कारण ठरत नाही. पण हे आधी कळलं तर मांडणी तशी करता येते. उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

आता वकिलांचं भलं. ‘दहा टक्के, पंधरा टक्के भरपाईतून’ असे करार दवाखान्याच्या आवारात सर्रास होतात हे खरं आहे, आणि ते नियमबाह्य आहेत. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा टक्केवारीच्या फीची वसुली मान्य केलेली नाही. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या, कोरे धनादेश आणि कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका, बँकेचं पासबुक स्वतःकडे ठेवा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत. अपघातात गेलेल्याची पत्नी किंवा आई दावा लावत असेल तर ती थेट या यादीत बसते. हेल्पलाइन १५१००.

दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तरीही स्वतःचा अर्ज वेगळा लावा, कारण पोलिसांच्या अहवालात मयताचं उत्पन्न, अवलंबून असलेल्यांची नावं आणि उपचाराचा खर्च अर्धवट असण्याची शक्यता असते. दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही लावता येतो. परगावी अपघात झाला म्हणून तिथे खेटे घालायची गरज नाही.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की उपचाराचे पैसे तोवर कोण भरणार. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, नेमलेल्या रुग्णालयांत. वाहन पळून गेलं असेल आणि सापडलंच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो. वाहन नंतर सापडलं आणि १६६ खाली भरपाई मिळाली, तर आधी मिळालेली ही रक्कम त्यातून वळती होते.