बावन्न वजा सत्तावीस बरोबर पंधरा

पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमची मनू दुसरीत आहे. मराठी माध्यम, भांडुपला, घरापासून चालत दहा मिनिटं. (मराठी माध्यमात का घातलं यावर मागे इथेच दोनशे कमेंट भांडून झाल्यात, पुन्हा नको.) बायको नर्स, तिची शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे अभ्यास घ्यायचं खातं माझ्याकडे. आणि मी अकाउंट्सवाला, दिवसभर आकडेच, तेव्हा दुसरीचं गणित म्हणजे आपल्या हातचा मळ असा माझा समज होता.

मागच्या पालकसभेत बाईंनी मनूची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. ५२ – २७ = १५. खाली ६३ – ३८ = १५. त्याखाली ८१ – ४६ = २५. एक नाही दोन नाही, अख्खं पान, आणि प्रत्येक उत्तर बरोबर दहाने कमी. मी लगेच नेहमीची टेप लावली, अहो लक्षच नसतं तिचं, घरी सगळं येतं तिला, मोबाईल बंद केलाय तरी. बाई ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "लक्ष नसतं तर उत्तरं कुठेही गेली असती, ही सगळी दहानेच चुकतायत. घरी अभ्यास कोण घेतं?"

मी म्हटलं मी. आणि अधूनमधून आमचे अण्णा, मनूचे आजोबा.

"मग बरोबर," त्या म्हणाल्या.

तर झालं होतं असं. मी तिला शिकवलेलं, दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक उसना घे, पाच खोडून चार कर, इकडे बारा झाले, बारातून सात गेले पाच. अण्णांची पद्धत वेगळी, ते जुन्या शाळेतले. ते वरचा आकडा खोडतच नाहीत. वरच्या दोनाला दहा दिले, झाले बारा, मग खालच्या दोनाला एक द्यायचा, झाले तीन, आता पाचातून तीन गेले दोन. उत्तर पंचवीसच येतं, दोन्ही पद्धती आपापल्या जागी अगदी बरोबर. आणि माझी पोरगी, सात वर्षांची, कुणालाच नाराज न करणारी, ती काय करत होती तर बाबा सांगतात म्हणून वर पाचाचे चार करायची आणि आजोबा सांगतात म्हणून खाली दोनाचे तीन पण करायची. चारातून तीन गेले एक. पंधरा!

त्या पानावर तिची एकही चूक नव्हती हो. दोन्ही पद्धती आमच्याच घरात शिकवलेल्या, तिने फक्त प्रामाणिकपणे एकत्र केल्या. आणि मी तिच्यावर तीन आठवडे ओरडत होतो, एकदा तर पेन्सिल हातातून हिसकावून घेतली होती. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

वर्गात तर वेगळंच चालू होतं. बाईंकडे काड्यांचे गठ्ठे असतात, दहा काड्यांना एक रबर, तो दशक, बाकीचे सुटे. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात द्यायच्यात पण सुट्या दोनच आहेत, मग एका गठ्ठ्याचं रबर काढायचं. खोडाखोड नाही, उसनं नाही, ते सगळं नंतर हळूहळू वहीत येणार. मी आठ दिवस आधीच घरी "शॉर्टकट" शिकवून मोकळा, म्हणजे वर्गात गठ्ठा सोडायची वेळ आली तेव्हा मनू म्हणाली असणार, मला येतं हे, बाबांनी शिकवलंय.

माझं मत आता पक्कं झालंय आणि ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. दुसरीच्या मुलाला घरी शिकवू नका. अभ्यासाकडे बघू नका असं म्हणत नाहीये, बघाच, पण वर्गात जे चाललंय तेच घरी चालू द्या, त्यावर आपली पद्धत चढवू नका. आपल्याला गणित येतं आणि सात वर्षाच्या मुलाला गणित कसं येतं हे आपल्याला कळतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला येते. दुसरी बाईंना येते.

गंमत म्हणजे सरकारी कागदावर पहिली-दुसरीला गृहपाठच नाहीये. २०१८ मध्ये केंद्राचं परिपत्रक निघालं, मग २०२० च्या दप्तर धोरणातही तेच, दुसरीपर्यंत गृहपाठ नको. शाळा देत नाही तर आम्ही पालक देतो! आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरीची चार मुलं आहेत, तिघांना ट्यूशन आहे, आणि त्या क्लासवाल्या मॅडम तिसरीची पाढ्यांची वही आत्तापासून करून घेतात म्हणून त्यांची फी वसूल झाल्यासारखी वाटते. ग्रुपवर रोज रात्री वर्कशीटच्या पीडीएफ. मीही ऑफिसच्या प्रिंटरवर काढल्यात, उगाच साळसूद कशाला बनू.

अजून एक कबुली. २०१९ ला आठवतं का, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी "वीस एक" आलं आणि केवढा गदारोळ झाला, अगदी विधानसभेपर्यंत गेलं. मीही फॉरवर्ड ढकलले होते, हसणाऱ्या इमोजीसकट. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की मुलांना आकड्यांतली जोडाक्षरं जड जातात, शिवाय आपण लिहितो एका क्रमाने आणि बोलतो उलट्या, आणि जुनी पद्धत काही काढलेली नाही, दोन्ही आहेत. मी एक अक्षर वाचलं नव्हतं तेव्हा, मनू शाळेतही नव्हती. २०२३ मध्ये त्या गेल्या.

आता मनूला "सत्तेचाळीस लिही" म्हटलं की ती आधी ७ लिहिते. का नाही लिहिणार? कानावर सात आधी पडतो. मग जागा सोडून मागे ४ लिहिते, आणि जागा सोडायची विसरली की झालं ७४. आणि त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, ज्यात नऊ कुठे ऐकूच येत नाही, तीस ऐकू येतं आणि लिहायचं दोन. आपण मोठे झालो म्हणून विसरलो, नाहीतर हे कोडंच आहे. वादात कोण बरोबर यात मी जात नाही, पण मुलांना यात अडचण काय होते ते मला त्या पीडीएफनी नाही, मनूच्या रिकाम्या सोडलेल्या जागेने दाखवलं.

मग घरी करतो काय? फार नाही. मी आल्यावर मनू अण्णांना शिकवते. अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते, मशीन यायच्या आधीच्या काळातले, तिकिटांची पेटी आणि पंचवाले. फेरीच्या आधी प्रत्येक गड्डीचा वरचा नंबर वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर लिहायचा, फेरी संपली की पुन्हा नंबर बघायचा, वजाबाकी केली की किती तिकिटं गेली ते कळलं. अशा हजारो वजाबाक्या हलत्या बसमध्ये उभ्याने केलेला माणूस, त्याला आता नातीसमोर मुद्दाम चुकायचं असतं. पहिल्या दिवशी त्यांना फार जड गेलं. खराट्याच्या काड्या आणि रबर घेऊन बसले दोघं. मनू म्हणाली, आजोबा सात द्या. अण्णा म्हणाले, दोनच आहेत सुट्या. ती म्हणाली, मग गठ्ठा सोडा ना! अण्णांनी रबर काढलं, काड्या चटईवर पसरल्या, आणि एकदम हसायला लागले. "अरे, हे तर सुट्टे करणं! जन्मभर लोकांशी सुट्ट्यांवरून भांडलो मी." त्या दिवसापासून त्यांची दहा-द्या-एक-द्या पद्धत बंद आहे, निदान मनूसमोर.

बाकी रस्त्यावरच होतं सगळं. साध्या बसचं तिकीट कमीत कमी १० झालंय आणि एसीचं १२, मग बाबा आणि आजोबा एसीने गेले तर किती जास्त गेले, हे ती स्टॉपवर उभी राहून सांगते. प्लॅटफॉर्मवर ८:४७ ची फास्ट दिसली की "चाळीस सात, सत्तेचाळीस" असं दोन्ही म्हणते, मी मध्ये बोलत नाही. दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्यापासून जोडाक्षरांची तर चंगळ आहे, पाट्यांवरचं मराठी म्हणजे इंग्रजीच असतं म्हणा, पण तिला काय त्याचं. "ड्रायफ्रूट्स" या एका पाटीपाशी आम्ही परवा पाच मिनिटं उभे होतो. पायातला र तिला कळला, डोक्यावरचा अजून कळायचाय, आणि दुकानदाराने शेवटी तिला दोन मनुका दिल्या.

आणि हो, वहीत चुकलं तर मी आता खोडत नाही. पेन्सिलीने बाजूला छोटा टिंब करतो, बाईंना दिसावं म्हणून. चूक खोडून, बरोबर करून पाठवली तर त्यांना कळणार कसं की कुठे अडलंय? त्या पंधरावाल्या पानावर मी खोडरबर फिरवलं असतं तर अजून ओरडतच असतो. तसं पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनी ते पान इतकं बारकाईने बघितलं हेच मला विशेष वाटतं.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. काल आकडे म्हणत होती, अठ्ठ्याण्णवनंतर थांबली, विचार केला आणि म्हणाली "एकोणशंभर". मी तोंड उघडलं होतं ओरडायला. मग म्हटलं थांब, एकोणऐंशी, एकोणनव्वद, मग एकोणशंभर, हिचं कुठे चुकलं? अण्णांना विचारलं, नव्व्याण्णवच का म्हणायचं. अण्णा म्हणाले, मी कंडक्टर होतो, मास्तर नाही.

कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मनू रोज विचारते. कांजूर आलं, आता गर्दी चढेल, ठेवतो फोन.