स्वमग्न म्हणे!

ऑटिझम असलेल्या माझ्यासारख्यांना मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही. मग्न कसली! दोन वर्षांपूर्वी डिप्रेशनसाठी अकरा दिवस ॲडमिट होते, तेव्हा वॉर्डातल्या प्रत्येक ट्यूबलाइटची चोक मला वेगवेगळी ऐकू यायची. त्यात फिनाईलचा वास. आणि पहाटे पाचला बीपी घ्यायला न सांगता दंडावर पडणारा गार हात.

हेडफोन पहिल्याच दिवशी काढून घेतले. वायर असते, कुणी गळ्याला लावेल, कळतं मला. पण मग कापसाचे बोळे तरी द्या! ते मागायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, “आधी माझ्याकडे बघून बोला.” डोळ्यांत बघितलं की माझे शब्दच पळतात.

ताटात वरण भाजीत शिरलेलं असायचं. असं कालवलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही, लहानपणापासून. फाइलमध्ये नोंद : जेवण नाकारते. कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालून मी स्वतःला शांत करत होते. नोंद : अस्वस्थ. रात्री इंजेक्शन. ऑटिझमचं निदान त्याच फाइलच्या पहिल्या पानावर होतं हो!

चौथ्या दिवशी जेवण वाढणाऱ्या मावशींनी काही न बोलता वरण वेगळ्या वाटीत आणलं. त्यांना ऑटिझम कुणी शिकवला नव्हता. ताट तसंच परत जातंय, एवढं त्यांनी बघितलं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि फाइलमध्ये ‘सुधारणा’ लागली. श्रेय गोळीला!

(गोळ्यांचा फायदा झाला, डॉक्टरही भले होते. कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 5 तर कुठल्याही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवू देतं, की मानसिक आजारात माझे उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत. आपली निर्णय घेण्याची क्षमता गेली की तो कागद आपल्या वतीने बोलतो. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू नाही. आपल्या वतीने निर्णय घ्यायला माणूसही नेमता येतो. मला हे डिस्चार्जनंतर, स्वतः शोधून कळलं. ॲडमिशनच्या वेळी सतरा सह्या घेतल्या, पण हे कुणी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी दादाला घेऊन बसले. नेमलेला माणूस तोच. शिवू नका, आधी सांगा. दिवा मंद. फिरू द्या. तो लिहिता लिहिता थांबला. “वरण वेगळ्या वाटीत, हेपण लिहायचं?”

“ते सगळ्यात वर लिही.”