वॉशिंग मशीनचा पाइप ‘गळेल तेव्हा बदलू’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की मशीनचा पाणी घेणारा पाइप गळत नाही तोवर बदलू नका, सर्व्हिसवाले उगाच पैसे काढतात, थोडं गळलंच तर टेफ्लॉन टेप गुंडाळा, नाहीतर स्टीलच्या जाळीचा पाइप लावा म्हणजे जन्मभर बघायला नको. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला आणि लोकांनी धडाधड अंगठे दिले, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे ‘गळत नाही’ हे कळणार कसं? आमचा गळतोय हे आम्हाला खालच्या काकूंनी सांगितलं, त्यांच्या छताला ओल येऊन पोपडे सुटायला लागले तेव्हा. वर आमची ड्राय बाल्कनी कोरडी ठणठणीत! मशीन पुढे ओढलं तर नटाखाली क्षारांचा पांढरा थर, आणि तिथून एकेक थेंब पाइपच्या अंगावरून ओघळत जाऊन भिंत-फरशीच्या सांध्यात मुरत होता, कधीपासून ते देव जाणे. काकू एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत पण मला मान वर करवेना.

आता टेफ्लॉन. नळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये फिरवून बसवतात तिथे टेप लागतेच, कारण तिथे आट्यांनीच पाणी अडवायचं असतं. पण मशीनच्या पाइपच्या नटात पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर, तो कडक होऊन चिरला की आट्यांवर वीस वेढे दिले तरी पाणी येणारच, उलट नट तिरका बसतो, मग आपण पान्ह्याने आवळतो आणि प्लास्टिकला तडा जातो. वायसर बदला, हाताने घट्ट करा, लागलं तर पाव फेरा अजून, बास.

स्टीलची जाळी चांगलीच, पाइप फुगू देत नाही. पण आत रबर किंवा प्लास्टिकच असतं, ते जुनं झालेलं जाळीमुळे दिसत नाही, आणि आपल्याकडे फरशी अ‍ॅसिडने धुतात, त्या वाफेने स्टीलच्या ताराही गंजून तुटतात.

पैसे काढायचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या ५ वर्षांनी पाइप बदला म्हणतात त्याला कारण आहे. टाकी १० मीटर वर असेल तर साधारण १ बार दाब, म्हणजे बारा मजली बिल्डिंगच्या खालच्या मजल्यांवर ३ बार, आणि नळ चालूच ठेवला तर तो दाब पाइपवर चोवीस तास. वर मशीनचा वॉल्व्ह बंद होताना ‘ठक’ आवाज येतो ना, तो दर वेळी पाइपला बसणारा झटका. गणपतीला गावी गेलो आणि पाइप फुटला तर? मिनिटाला १० लिटर धरा, ८ तासांत ४८०० लिटर. पाइप काही शे रुपयांत मिळतो, कुठूनही घ्या, स्वतः बसवा.

धुणं झालं की नळ बंद करा. आज मशीन पुढे ओढून दोन्ही नटांखाली कोरडा टिश्यू फिरवा, पाइप जिथे वाकतो तिथे भेगा बघा, आणि खाली कोणी राहत असेल तर छताला ओल आहे का तेही विचारून या.