फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर का ठेवायचे: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. 'वेब-फॉन्ट (पानासोबत वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरणारे फॉन्ट) गूगलकडून मागवू नका, आपल्या सर्व्हरवर ठेवा' या आशयाच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे म्हणणे असे की गूगलचा फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा आधीच साठवलेला असतो, म्हणून तोच लवकर दिसतो. गूगलचे सर्व्हर भारतात आहेत आणि आपल्यासारख्यांचे स्वस्तातले होस्टिंग अमेरिकेत. गूगलच्याच अँड्रॉइडवर चालणारा फोन वापरणाऱ्याच्या गोपनीयतेची काळजी फॉन्टवरून करणे हा दिखावा आहे. देवनागरी फॉन्ट हाताने कापायला (नको ती अक्षरे काढून फाइल लहान करायला) गेलात तर जोडाक्षरे तुटतील. आणि शेवटी, एकट्याने ब्लॉग चालवणाऱ्याच्या मागे हा उपद्व्याप कशाला लावता, असा सवाल.

कॅशपासून, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइलींपासून, सुरुवात करते, कारण हा समज सगळ्यांत चिवट आहे. एके काळी तो खरा होता. २०१० साली गूगल फॉन्ट्स सुरू झाले तेव्हा आणि पुढची बरीच वर्षे, एका साइटवर उतरलेला फॉन्ट दुसऱ्या साइटवर पुन्हा उतरवावा लागत नसे. पण त्याच सोयीतून पाळतही ठेवता येत होती. एखादी फाइल किती झटकन आली यावरून वाचक आधी कुठे जाऊन आला आहे ते ताडता येई. म्हणून ब्राउझरांनी प्रत्येक साइटची कॅश वेगळी करून टाकली. सफारीने २०१३ मध्येच, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये ८६व्या आवृत्तीत, फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये ८५व्या आवृत्तीत. त्यामुळे वाचकाने सकाळी दुसऱ्या मराठी साइटवर 'मुक्ता' हा फॉन्ट पाहिला असला तरी संध्याकाळी तुमच्या साइटवर तो नव्यानेच उतरतो. या मुद्द्यावर आता वाद उरलेला नाही.

अंतराचा मुद्दा मात्र भक्कम आहे आणि तो मी टाळणार नाही. साइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर असेल आणि एकाच फॉन्टची चार-पाच वजने (बारीक, साधे, ठळक अशा जाड्या) लावलेली असतील, तर निव्वळ फाइल पोचवण्यात गूगल तुम्हाला सहज मागे टाकेल. पण वाचकाला पान कधी दिसते हे फाइलच्या प्रवासावरच ठरत नाही. गूगलची सेवा दोन वेगळ्या पत्त्यांवरून चालते: स्टाइलशीट (पान कसे दिसावे हे सांगणारी फाइल) एकीकडून, फॉन्टची फाइल दुसरीकडून. ब्राउझर आधी तुमचे पान वाचतो, मग स्टाइलशीट मागवतो, ती वाचल्यावर त्याला खऱ्या फाइलचा पत्ता कळतो. प्रत्येक नव्या पत्त्यासाठी डीएनएसची चौकशी (त्या नावाचा सर्व्हर कुठे आहे), मग जोडणी, मग ती सुरक्षित करणारी टीएलएसची ओळखपाळख. आणि नेहमीच्या पद्धतीने लावलेली ती परकी स्टाइलशीट येईपर्यंत ब्राउझर मजकूर दाखवतच नाही. घरच्या फायबरवर हे जाणवत नाही. घाटात, तालुक्याच्या गावी, गर्दीच्या लोकलमध्ये जिथे प्रत्येक फेरीला वेळ लागतो तिथे पांढरे पान बघत बसावे लागते.

फाइल आपल्याकडे असली की जोडणी आधीच उघडलेली असते. शिवाय प्रीलोडची, म्हणजे 'ही फाइल आधीच मागव' असे ब्राउझरला सांगणारी, एक ओळ लिहून स्टाइलशीट वाचायच्या आधीच फॉन्ट मागवता येतो. गूगलच्या फाइलचा पत्ता आवृत्तीनुसार बदलतो, म्हणून तिथे हे भरवशाने करता येत नाही. (त्या ओळीत क्रॉसओरिजिन हा शब्द लिहायलाच हवा, फाइल आपल्याच डोमेनवर असली तरी. नाहीतर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो. ही चूक मी पुष्कळ साइटवर पाहते.) होस्टिंग दूरचे असेल तर त्याचा उपाय फॉन्टपुरता करू नये. मुंबईतले डेटा सेंटर निवडावे, किंवा अख्खी साइट एखाद्या सीडीएनच्या (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून साइटची प्रत देणाऱ्या सेवेच्या) मागे ठेवावी. यावर तुम्ही म्हणाल, सीडीएनही तिसरा पक्षच की. आहे. पण तो तुमच्या वतीने तुमचेच पान वाचकाला देतो, तुम्ही त्याच्याशी करार केलेला असतो, आणि वाचकाची विनंती त्याच्याकडे तशीही जातच असते. फॉन्टसाठी आणखी एकाला त्यात ओढावे लागत नाही.

आता गोपनीयता. तुमच्या बाजूने जे आहे ते आधी मांडते. गूगलने स्वतः लिहिले आहे की फॉन्टची सेवा कुकी ठेवत नाही आणि आयपी पत्त्यांची नोंद करत नाही. २०२० पासून क्रोमही परक्या सर्व्हरला पानाचा पूर्ण पत्ता सांगत नाही, फक्त डोमेन सांगतो. म्हणजे वाचकाने नेमका कोणता लेख उघडला हे फॉन्टच्या विनंतीतून सहसा कळत नाही. हे सगळे मान्य.

तरीही डोमेन कळते, आणि कित्येक साइटच्या बाबतीत डोमेनच पुरेसे बोलके असते. घरातल्या मारहाणीबद्दल कायदेशीर सल्ला देणारी साइट, मानसिक आजारांवर लिहिणारी साइट, जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारी मांडणारी साइट. तिथे कोण आले, कोणत्या आयपीवरून आणि किती वाजता, हे त्या साइटच्या बाहेर कोणालाही कळायचे कारण नाही. गूगल नोंद ठेवत नाही, यावर माझा विश्वास असो वा नसो, वाचकाच्या वतीने तो विश्वास टाकण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. फोन कोणता घ्यायचा हे वाचकाने ठरवले. माझ्या पानावरून कोणाला विनंती जावी हे मी ठरवते, आणि त्याला ते दिसतही नाही. म्हणून 'त्याच्याकडे अँड्रॉइड आहेच' हे उत्तर मला पटत नाही. त्याच्या एका निवडीवरून त्याने सगळ्यालाच होकार दिला असे होत नाही.

म्युनिकच्या प्रांतिक न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी जवळपास हाच धागा पकडला. साइटच्या मालकाने वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीविना गूगलकडे जाऊ दिला, म्हणून १०० युरो भरपाई, आणि पुन्हा तसे केल्यास अडीच लाख युरोपर्यंत दंडाची ताकीद. रक्कम किरकोळ आहे, पण त्यामागचे कारण महत्त्वाचे. न्यायालय म्हणाले की हेच फॉन्ट गूगलशी जोडणी न करता वापरता येतात, त्यामुळे 'आमची गरज होती' हा बचाव चालणार नाही. पुढे त्या निकालाच्या आधारे जर्मनीत आणि ऑस्ट्रियात लहानसहान साइटवाल्यांना पैसे मागणाऱ्या नोटिसांचा पूर आला. त्या प्रकाराचे मी मुळीच समर्थन करत नाही. त्यात भरडले गेले ते दुकानदार आणि छोट्या संस्था. हा निकाल भारतात लागू नाही हेही स्पष्ट सांगते. पण जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांच्या साइट आपल्यातलेच कोणीतरी फावल्या वेळात सांभाळते, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

तुमचा सगळ्यांत मोलाचा मुद्दा जोडाक्षरांचा. त्यावर जरा थांबते, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याबद्दल क्वचितच काही असते.

पानाला लागतील तेवढेच उतरावेत म्हणून गूगल चिनी, जपानी फॉन्टचे शंभरावर तुकडे करते, आणि तिथे त्याची कारागिरी खरोखर कामाची आहे. देवनागरीत तसे नाही. लिपीचा तुकडा एकच असतो, आणि बाजूला लॅटिनचे, म्हणजे रोमन अक्षरांचे. आता गंमत अशी की शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हे सगळे लॅटिनच्या तुकड्यात बसते. त्यामुळे पानावर एकही रोमन अक्षर नसले तरी मराठी पानासाठी दोन्ही फाइली उतरतात. आपण स्वतः फाइल बनवली तर देवनागरी, साधी लॅटिन आणि विरामचिन्हे एकाच वॉफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेल्या फॉन्टच्या) फाइलमध्ये ठेवता येतात. मराठी साइटसाठी हीच वाटणी नैसर्गिक आहे, आणि ती गूगलकडून तयार मिळत नाही.

जोडाक्षरे तुटतात ती फाइल कापल्यामुळे नाही, चुकीची कापल्यामुळे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीचा गट १२८ संकेतांचा, पण फॉन्टमध्ये आकार असतात शेकड्यांनी. क्ष, ज्ञ, द्ध, ट्ट, अर्धी अक्षरे, रफार. कशापासून कोणता आकार घडवायचा याचे नियम फॉन्टमधल्या ओपनटाइप तक्त्यांत असतात. फॉन्टटूल्स या संचातले पायएफटीसबसेट हे फॉन्ट कापायचे साधन मूळ अक्षरे ठेवली की त्या नियमांच्या मागे जाऊन लागणारे सगळे आकार स्वतःच राखते. फाइल आणखी हलकी करायच्या नादात कोणी ते तक्तेच उडवले की 'द्ध'च्या जागी पाय मोडलेला द आणि शेजारी ध उभा राहतो. दुसरा धोका म्हणजे फक्त आजच्या लेखांत आलेली अक्षरे ठेवणे. उद्या कोणी प्रतिक्रियेत 'क्लृप्ती' लिहिले की पंचाईत. म्हणून अख्खी देवनागरी ठेवावी. तिच्यासोबत रुपयाचे चिन्ह ठेवावे, कारण ते देवनागरीच्या गटात नाही आणि विसरले तर दुसऱ्याच फॉन्टमधून येऊन ओळीत उपरे दिसते. शून्य रुंदीचे जोडक आणि विजोडक, म्हणजे अक्षरे कशी जोडायची किंवा जोडायची नाहीत हे सांगणारी अदृश्य चिन्हे, हीही ठेवावीत. 'उद्‌घाटन' पाय मोडून लिहिणारे विजोडक वापरतात. 'दऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि जोडक अशा क्रमाने. जुन्या लेखांत दोन्ही सापडतात, तपासताना दोन्ही तपासा. माझी तपासणीची ओळ अशी असते: ऱ्हास, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, बाळ, ₹ ५००. हे सगळे नीट उमटले की फाइल चढवायला हरकत नाही.

आणि मराठीचा ल आणि श. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. शाळेत आपण तेच गिरवतो, पण बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. काही फॉन्टमध्ये मराठी वळण आतच दडलेले असते आणि पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये सांगितले तरच बाहेर येते. मग फाइल कापताना स्थानिक रूपांचा तो नियम टिकायला हवा आणि पानावर भाषेची खूण हवी. 'तिरो देवनागरी मराठी' तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे. आपली अक्षरे आपल्या वळणाची दिसावीत हे मला वेगाइतकेच महत्त्वाचे वाटते. फाइल आपल्या हातात असली की ती कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात काय शिल्लक आहे हे आपल्याला ठाऊक असते.

गूगलकडून सुधारणा आपोआप मिळतात, हे तुम्ही म्हणता ते खरे. पण त्या कधी आल्या ते कळत नाही, आणि मात्रांची उंची किंवा अक्षरांची रुंदी थोडी जरी बदलली तरी मथळ्याची ओळ मोडते. मी फाइलच्या नावात आवृत्ती लिहिते, वर्षभराची कॅश लावते, आणि नवी आवृत्ती वरच्या तपासणीच्या ओळीने तपासून मगच बदलते.

परवान्याबद्दल थोडक्यात. मुक्ता, बलू, हिंद, नोटो हे सगळे एसआयएल या संस्थेच्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला पूर्ण मुभा, परवान्याची फाइल सोबत ठेवायची. विकत घेतलेल्या फॉन्टचे तसे नसते, डीटीपीसाठी (छापायच्या मजकुराच्या मांडणीसाठी) घेतलेला परवाना वेबला चालेलच असे नाही.

उरला उपद्व्यापाचा प्रश्न. वर्डप्रेसच्या एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये फॉन्ट लायब्ररी आहे. तिथून गूगलचा फॉन्ट निवडला की तो तुमच्याच सर्व्हरवर उतरतो, कमांड लिहावी लागत नाही. जुन्या थीमसाठी प्लगइन मिळतात. ब्लॉगस्पॉटवर फॉन्टची फाइल चढवता येत नाही, आणि तिथे माझा सल्ला असा की वेब-फॉन्ट वापरूच नका. अँड्रॉइडमध्ये नोटो आहे, विंडोजमध्ये निर्मला, ॲपलकडे कोहिनूर. तिन्ही वाचायला चांगले आहेत आणि उतरवायला काहीच लागत नाही. स्वतःच्या होस्टिंगवरही मी मजकुरासाठी फार तर दोन वजने ठेवते, साधे आणि ठळक. मुक्ताची सात वजने आहेत म्हणून सातही लावायची गरज नसते.

आणखी एक. युनिकोड रुळायच्या आधी मराठी वृत्तपत्रांच्या साइट 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी सूचना देत, आणि काही जण इंटरनेट एक्स्प्लोररसाठी ईओटी ही त्या काळची वेब-फॉन्टची फाइल आपल्याच सर्व्हरवरून पाठवत. त्या फॉन्टचे संकेत ज्याचे त्याचे वेगळे होते, मजकूर शोधता येत नसे, ते दिवस परत यावेत असे कोणालाच वाटणार नाही. पण मराठी अक्षर वाचकापर्यंत पोचवणे हे साइटचे स्वतःचे काम आहे, ही समज तेव्हा होती.

तुमच्या साइटवर आत्ता गूगलचे फॉन्ट आहेत असे तुम्ही लिहिले आहे. एका पानाची प्रत करा, तिच्यात एका फाइलचा फॉन्ट आपल्याच सर्व्हरवरून लावा, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये संथ मोबाइलचा वेग निवडा आणि कॅश बंद ठेवून दोन्ही पाने उघडा. पहिला शब्द कधी दिसतो तो आकडा टिपून इथेच खाली लिहा, होस्टिंग कोणत्या देशात आहे तेही लिहा. आकडा गूगलच्या बाजूने आला तर मी तो मूळ लेखात तुमच्या निरीक्षणासह घालेन.