फाईल इथे, नोंद तिथे

बाबांच्या जुन्या कॅसेट्सचे एमपीथ्री करून झाले आणि मग ती हार्ड डिस्क नीट लावायचं काम 'तू कॉम्प्युटरमधला ना' एवढ्याच पात्रतेवर माझ्याकडे आलं. मीडिया लायब्ररीचं सॉफ्टवेअर टाकलं, सगळं दिसायला लागलं, वाटलं झालं.

आता फोल्डर जरा नीटनेटके म्हणून फाईल्स बाहेरूनच उचलून दुसरीकडे टाकल्या की संपलं. गाणं डिस्कवर आहे, डबल क्लिक केलं की वाजतंय, पण लायब्ररीत त्याच्यापुढे उद्गारचिन्ह! कारण हे सॉफ्टवेअर फाईलकडे बघतच नाही, ते बघतं स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहिलेल्या पत्त्याकडे. अगदी सातबारा. तुम्ही जमिनीवर उभे आहात, पण फेरफार झालेला नाही ना, मग तुम्ही कोण? बरं परत स्कॅन करा तर तेच गाणं नवीन म्हणून येतं, म्हणजे एक मयत नोंद आणि एक जिवंत, आणि बाबांनी दिलेले स्टार, प्लेलिस्ट सगळं मयताच्या नावावर.

म्हणून हलवायचं, नाव बदलायचं ते सॉफ्टवेअरच्या आतूनच. त्याला एक साचा द्यायचा: कलाकार, अल्बम, ट्रॅक नंबर. सोप्पं. फक्त भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन आणि इंग्रजी स्पेलिंगवाले भीमसेन असे चार गायक तयार झाले आणि चौघांना वेगवेगळे फोल्डर मिळाले.

नाट्यसंगीताची तर कथाच वेगळी. 'स्वयंवर' घ्या, 1916 चं नाटक, शब्द खाडिलकरांचे, संगीत भास्करबुवा बखल्यांचं, रंगमंचावर बालगंधर्व, आणि आपल्या कॅसेटवर गातंय चौथंच कुणीतरी. कलाकार कोण लिहू? बाबा म्हणाले, "नाटकाचं नाव लिही रे, गाणारे काय बदलत असतात." आई म्हणाली राग लिही. सॉफ्टवेअर म्हणालं अननोन आर्टिस्ट.

प्रकार लिहायचा रकानाही आहे. एमपीथ्री टॅगच्या, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीच्या, मूळ यादीत 80 प्रकार होते, त्यात युरोपातला पोल्का आहे. नाट्यसंगीत नाही.

पण कळस म्हणजे देवनागरी. जुना टॅग फाईलच्या शेवटी 128 बाइट्सचा, गाण्याच्या नावाला 30 अक्षरं, तीही रोमनच. कुठल्यातरी जुन्या प्रोग्रामने आमची मराठी नावं त्यात कोंबली आणि प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं. विंडोजला फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, मग नाव बदलताना सॉफ्टवेअरने त्यांचे अंडरस्कोर केले. आता माणिक वर्मा आणि गजानन वाटवे, काना, मात्रा, वेलांटी, वर्मांतल्या र चा मोडलेला पाय असं सगळं वेगवेगळं मोजलं तर दोघांच्याही नाव-आडनावात पाच-पाच चिन्हं, त्यामुळे दोघेही 'पाच अंडरस्कोर, पाच अंडरस्कोर' या एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने नांदतायत. ऐकून ऐकून वेगळे करतोय, तेवढा भाग खरं तर मजेचा आहे.

एवढं सगळं लावून बाबांना विचारलं, काय लावू? "ती मिरजेहून आणलेली कॅसेट लाव, दुसरी बाजू."

याला रकाना नाहीये. मी कमेंटमध्ये लिहायला घेतलंय, बाबा शेजारी बसून सांगतायत कुठली कुठून आणली, आणि प्रत्येकीला किमान अर्धा तास लागतोय.